सही बारीक का झाली?

आज एका आजाराची गोष्ट सांगायची आहे, आणि तो आजार माणसांना कसा कळत गेला, त्याचीही. गोष्ट दोनशे वर्षांहून जुनी आहे. ती लंडन, पॅरिस, मुंबई, मद्रास, स्वीडन, व्हिएन्ना अशी फिरून येते. पण सुरुवात आम्ही आमच्या गटाच्या वहीपासून करणार आहोत, कारण आमची चूक त्या वहीत लिहिलेली आहे.

आमच्या गटात आक्का आहेत. गट काढला तेव्हापासून त्याच अध्यक्षा होत्या. एकदा बँकेतून पैसे काढायची स्लिप परत आली. सही जुळत नाही, असं तिथले साहेब म्हणाले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोघीतिघींच्या मनात किंतू आला, की आक्कांच्या नावानं दुसरंच कुणी सही करतंय का? त्यातच आक्का बैठकीत बोलेनाशा झाल्या. बोलल्या तरी आवाज इतका बारीक, की शेजारणीलाही ऐकू येऊ नये. चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. आम्हाला वाटलं, रुसल्यात. कुणी म्हणालं, मोठेपणा आलाय. शेवटी आम्ही ठराव केला आणि अध्यक्षपद दुसरीला दिलं. त्या ठरावावर आक्कांनीही सही केली. मुंगीएवढी.

घरी वेगळंच चाललं होतं. सुनेला वाटायचं, सासूबाई मुद्दाम हळू चालतात, म्हणजे काम सांगू नये. थोरल्या मुलानं देवऋषी केला, अंगावरून उतरवून टाकलं. कुणी वात म्हणून तेल चोळलं. यात अडीच वर्षं गेली.

मग एकदा आशाताई घरी आल्या आणि त्यांनी एक गोष्ट पाहिली. आक्कांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असला की थरथरत होता. पाण्याचा तांब्या उचलायला हात पुढं केला की थरथर कमी व्हायची. आशाताईंनी चिठ्ठी दिली, तालुक्याला पाठवलं, तिथून जिल्ह्याला. तिथं मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी आक्कांना चालायला लावलं, अंगठा आणि बोट एकमेकांवर भराभर टेकवायला सांगितलं, हात वाकवून पाहिला. मग आम्हाला विचारलं, यांची जुनी सही कुठं मिळेल का?

गटाची वही बरोबरच होती. बाईंनी एकेक पान उलटलं. पहिल्या वर्षांतली सही ऐसपैस, ओळीच्या बाहेर जाणारी. मग जरा लहान, मग आणखी लहान. शेवटच्या ठरावावर तर अक्षरं एकमेकांत घुसलेली. सगळं दर महिन्याला आमच्या डोळ्यांपुढंच झालं होतं. बाई म्हणाल्या, "हा पार्किन्सनचा आजार. आपल्याकडे कंपवात म्हणतात. अक्षर बारीक होणं हीसुद्धा त्याची एक खूण."

गोळ्या लिहून देताना बाई आणखी एक बोलल्या. या गोळीच्या मागं दोन झाडांची कथा आहे, आणि दोन्ही झाडं आपल्या रानातली आहेत. एकानं आजार कळायला मदत केली, दुसऱ्याच्या बियांत औषध आहे. तेव्हापासून आम्हाला चैन पडेना. विचारून, वाचून, जाणत्यांकडून समजून घेऊन जे कळलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

रस्त्यावरच्या माणसांकडं पाहणारा डॉक्टर

लंडन शहराच्या कडेला हॉक्सटन नावाचा भाग होता. तिथं जेम्स पार्किन्सन नावाचे डॉक्टर राहायचे. जन्म १७५५ चा. ते मोठ्या इस्पितळातले नामांकित डॉक्टर नव्हते. वडिलांच्या पाठोपाठ त्याच वस्तीत गोरगरिबांना औषध देणारे, घरोघर जाणारे वैद्यच म्हणा ना. खेड्यातल्या लोकांना आरोग्याच्या साध्या गोष्टी कळाव्यात म्हणून त्यांनी १८०० च्या सुमारास एक पुस्तकही लिहिलं होतं.

१८१७ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका छापली. थरथरत्या लकव्याबद्दलचा निबंध, असं तिचं नाव. त्यात फक्त सहा माणसांची हकीकत आहे. पहिला होता एक माळी, साधं, निर्व्यसनी आयुष्य जगलेला. दोघं तर त्यांना रस्त्यानं जाताना भेटले. एकाला त्यांनी लांबूनच पाहिलं होतं. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती, मेंदूचा फोटो निघत नव्हता. डोळे होते, आणि थांबून विचारपूस करायची सवय होती.

त्यांनी काय पाहिलं? हात कामात नसताना थरथरतो. माणूस पुढं वाकतो. चालता चालता पावलं लहान आणि घाईची होतात, जणू मागून कुणी ढकलतंय. आजार हळूच येतो, इतका हळू, की नेमका कधी सुरू झाला ते माणसाला स्वतःलाही सांगता येत नाही. हे शेवटचं ऐकून आम्हाला वही आठवली.

पार्किन्सन यांना कारण सापडलं नाही. उपाय म्हणून त्यांनी मानेजवळ रक्त काढायचं सुचवलं होतं, आणि त्याचा उपयोग नव्हता. पण आपल्याला सगळं कळलंय असा आव त्यांनी आणला नाही. पुढच्यांनी शरीर उघडून पाहावं आणि आजाराचं मूळ शोधावं, एवढंच त्यांनी मागितलं. आज त्यांच्या जन्मदिवशी, ११ एप्रिलला, जगभर पार्किन्सन दिवस पाळतात.

पॅरिसच्या म्हाताऱ्या बाया

पार्किन्सन यांनी लिहिलेले सहाही पुरुष. बाया या कथेत येतात त्या पॅरिसमध्ये. तिथं साल्पेत्रिएर नावाचं एक अवाढव्य इस्पितळ होतं. इस्पितळ कसलं, निराधार बायांची वस्तीच. म्हाताऱ्या, आजारी, घरानं टाकलेल्या हजारो बाया तिथं राहायच्या. १८६२ पासून झां मार्तं शार्को हे डॉक्टर तिथं काम बघू लागले.

एवढ्या बाया एकाच जागी, त्याही वर्षानुवर्षं. त्यामुळं शार्कोंना एक गोष्ट करता आली, ती म्हणजे एका थरथरीची दुसऱ्या थरथरीशी तुलना. कुणाचा हात वस्तू उचलताना हलायचा, कुणाचा मांडीवर ठेवल्यावर. शिकवताना ते बायांच्या डोक्यात लांब पिसं खोवायचे, म्हणजे डोकं कसं हलतंय ते मागं बसलेल्यांनाही दिसावं. बायांना ते कसं वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं आमच्या वाचनात आलं नाही. पण त्यांच्यामुळंच हे कळलं की सगळ्या थरथरी एक नाहीत, आणि काहींना हा आजार असूनही थरथर मुळीच नसते. अंग ताठरतं, हालचाल मंदावते, चेहरा मुखवट्यासारखा होतो. माणसाच्या अंगात ताकद असते, पण हालचाल सुरूच होत नाही.

म्हणून शार्को म्हणाले, याला थरथरता लकवा म्हणू नका. यात लकवा नाही, आणि थरथर प्रत्येकाला असतेच असं नाही. याला पार्किन्सनचा आजार म्हणा. हॉक्सटनच्या त्या साध्या डॉक्टरचं नाव आजाराला मिळालं ते असं, त्यांच्या मागं कितीतरी वर्षांनी.

बायांनो, मुखवट्यासारखा चेहरा ही आजाराची खूण आहे, हे दीडशे वर्षांपूर्वी लिहून झालेलं आहे. आणि आम्ही म्हणत होतो, आक्का रुसल्यात.

१९१९ साली त्याच पॅरिसमध्ये कॉन्स्टँटिन ट्रेटियाकॉफ नावाच्या तरुण डॉक्टरनं या आजारानं गेलेल्यांचे मेंदू तपासले. मेंदूच्या मुळाशी, देठाजवळ, एक काळपट पट्टा असतो. निरोगी माणसात तो डोळ्यांनी दिसण्याइतका काळा. या रुग्णांत तो फिका पडलेला, तिथल्या पेशी मेलेल्या. जागा सापडली. पण तो पट्टा करतो काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिलं झाड: सर्पगंधा

आता गोष्ट आपल्या देशात येते. सर्पगंधा आपल्या कोकणात, सह्याद्रीच्या ओल्या रानात सापडते. हिच्या मुळ्या जुन्या काळापासून वैद्य वापरत आले. डोकं भडकलेल्या माणसाला शांत करायला बिहारकडं ती देत, तिथं तिला 'पागल की दवा' असंच नाव होतं. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी डॉक्टरी मासिकात लिहिलं, की या मुळीनं मन शांत होतं आणि रक्तदाबही उतरतो.

मग मुंबई. हृदयाचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन नीट नोंदी ठेवल्या. १९४९ साली त्यांचा लेख इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापून आला आणि जगाचं लक्ष या मुळीकडं गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन.

रेसर्पिनच्या गोळ्या देशोदेशी खपू लागल्या. रक्तदाब उतरला, मनाचे रुग्ण शांत झाले. पण काही जणांत एक विचित्र गोष्ट दिसली. त्यांचं अंग ताठरलं, चाल मंदावली, हात थरथरू लागले. हुबेहूब पार्किन्सन! आणि गोळी थांबवली की हळूहळू जायचं.

आपण काय म्हटलं असतं? औषध उलटलं, फेकून द्या. पण स्वीडनच्या लुंड गावात अर्व्हिड कार्लसन नावाच्या शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, की या मुळीच्या औषधानं मेंदूतलं नेमकं काय कमी होतं? त्यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून बसले. हालेनात. मग त्यांनी त्या सशांना डोपा नावाचं द्रव्य टोचलं. थोड्याच वेळात कान ताठ झाले आणि ससे पुन्हा फिरू लागले. ही १९५७ सालची गोष्ट.

डोपा शरीरात गेलं की त्याचं डोपामिन होतं. तोवर शास्त्रज्ञ समजत होते, की डोपामिन म्हणजे दुसरं काहीतरी तयार होतानाचा मधला टप्पा, त्याला स्वतःचं काम नाही. त्याच १९५७ साली इंग्लंडमध्ये, लंडनपासून जवळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कॅथलीन माँटेग्यू या बाईंनी दाखवलं, की माणसाच्या आणि प्राण्यांच्या मेंदूत डोपामिन असतं. कार्लसन यांच्या गटानं पुढच्या वर्षी त्याला दुजोरा दिला. मग कळलं, की मेंदूत ते सगळीकडं सारखं नसतं. जिथून हालचालीला वळण मिळतं, त्या भागात ते सर्वांत जास्त असतं.

तरीही थोरामोठ्यांना पटेना. १९६० साली लंडनला मोठी सभा भरली, तिथं कार्लसन यांचं म्हणणं बहुतेकांनी उडवून लावलं. पण त्याच वर्षी पुरावा आला.

व्हिएन्नाची गुलाबी खूण

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात ओलेह हॉर्निकिएविच आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट एरिंगर यांनी मेलेल्या माणसांच्या मेंदूचे तुकडे तपासायला घेतले. काही निरोगी माणसांचे, काही पार्किन्सनच्या रुग्णांचे. त्यात रसायन घातलं की डोपामिन असेल तिथं गुलाबी रंग उठायचा. निरोगी मेंदूच्या नळीत गुलाबी रंग आला. रुग्णाच्या नळीत जेमतेम छटा. साध्या डोळ्यांना दिसावा इतका फरक.

तर कोडं सुटलं ते असं. आपल्या भाषेत सांगायचं तर मेंदूच्या देठातला तो काळा पट्टा म्हणजे विहीर. तिथून पाट निघतो आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागाला डोपामिनचं पाणी देतो. पाणी भरपूर असेल तर आपण उठतो, चालतो, हसतो, सही करतो, काही विचार करावा लागत नाही. विहीर आटू लागली की शेत सुकतं. शेताचा दोष नाही, हातापायाचाही नाही. म्हणून तेल चोळून ते जात नाही, आणि ओरडून तर नाहीच नाही. विहीर बरीच आटेपर्यंत वर काहीच कळत नाही, म्हणून आजार इतका हळू येतो.

आणि सर्पगंधेचं काय? तिच्यातलं रेसर्पिन पेशींमधला डोपामिनचा साठा रिकामा करतं. जणू विहीर शाबूत असून पाणी उपसून टाकलं. म्हणून तसंच दिसायचं, आणि औषध थांबलं की पाणी पुन्हा भरायचं. आपल्या रानातल्या मुळीनं आजार बरा केला नाही, पण आजार काय आहे ते दाखवून दिलं.

दुसरं झाड: खाजकुयली

आता वाटलं असेल, मग डोपामिनच का देऊ नये? कारण मेंदूला निसर्गानं कुंपण घातलंय. रक्तातली वाटेल ती गोष्ट आत जात नाही. डोपामिन कुंपणापाशी अडतं. डोपा मात्र आत जातं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. म्हणून औषध ठरलं ते डोपा. त्याचं पूर्ण नाव लिव्होडोपा.

हे द्रव्य नवं नव्हतं. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी ते बाकला नावाच्या एका शेंगेतून काढलं होतं. अडीच ग्रॅम स्वतःच खाऊन पाहिलं आणि त्यांना जोरात उलट्या झाल्या. मग ते तसंच पडून राहिलं, कारण उपयोग काय ते कुणाला माहीत नव्हतं. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य आणखी एका शेंगेच्या बियांतून काढलं. ती शेंग तुम्हा आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. खाजकुयली! तीच, जिची लव अंगाला लागली की माणूस खाजवून खाजवून नाचतो. पोरं एकमेकांच्या अंगावर टाकतात ती. वैद्य लोक तिला कपिकच्छू म्हणतात, आणि तिच्या शुद्ध केलेल्या बिया फार जुन्या काळापासून औषधात आहेत.

१९६१ साली हॉर्निकिएविच यांनी आपल्याकडचं लिव्होडोपा वाल्टर बिर्कमायर या डॉक्टरांना दिलं. ते व्हिएन्नाच्या लाइन्झ भागातल्या म्हाताऱ्यांच्या इस्पितळात होते. तिथं वीस रुग्णांना शिरेतून औषध टोचलं. ज्यांना अंथरुणात उठून बसता येत नव्हतं, ते बसले. बसलेले उभे राहिले. उभे होते ते चालले. हा चमत्कार काही तास टिकायचा, मग अंग पुन्हा ताठरायचं. पण एवढं तरी कळलं, की विहीर आटली तरी बाहेरून पाणी पोचवता येतं.

पुढचं काम अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी केलं. १९६७ साली त्यांनी दाखवलं, की हे औषध तोंडानं, थोडं थोडं, आठवड्यांमागून आठवडे वाढवत दिलं तर उलट्या सोसवतात आणि गुण टिकतो. पुढं त्यात कार्बिडोपा नावाचं सोबती द्रव्य घातलं गेलं. ते डोपाला वाटेत, म्हणजे पोटात आणि रक्तात, डोपामिन होऊ देत नाही. त्यामुळं थोड्या औषधात काम भागतं आणि मळमळही कमी होते. आक्का दिवसातून तीनदा घेतात ती गोळी हीच. ऐकायला सोपं वाटतं, पण लंडनच्या त्या पुस्तिकेपासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली.

त्याच १९६७ साली मार्गारेट होन या डॉक्टर बाईंनी मेल्विन यार यांच्याबरोबर आठशे दोन रुग्णांच्या नोंदी तपासून आजाराच्या पाच पायऱ्या ठरवल्या. अंगाची एकच बाजू, मग दोन्ही बाजू, मग तोल जाणं, मग दुसऱ्याचा आधार, मग अंथरूण. आजही जगभरचे डॉक्टर त्या पायऱ्या वापरतात. आक्का दुसऱ्या पायरीवर होत्या.

खाजकुयलीचं काम आपल्या मुंबईतही झालं. १९७८ साली अशोक वैद्य, नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या बियांची पूड पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन, गुण नोंदवून प्रसिद्ध केलं. पण बायांनो, म्हणून उद्या कुणी कुंपणावरची शेंग तोडून बिया कुटायला बसू नका. कोणत्या बीमध्ये औषध किती, ते घरी मोजता येत नाही. गुगेनहाइमसाहेबांचं काय झालं ते आत्ताच ऐकलंत. मन भ्रमिष्ट होऊ शकतं, रक्तदाब एकदम उतरू शकतो, चालू असलेल्या गोळीत भर पडून अंग वेडंवाकडं हलू शकतं. हीच गोष्ट सर्पगंधेची.

कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. हॉर्निकिएविच यांचं नाव त्यात नव्हतं, म्हणून दोनशेहून जास्त शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र काढून नाराजी कळवली. माळ्यापासून सशापर्यंत, साल्पेत्रिएरच्या बायांपासून मरणानंतर मेंदू तपासू देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं घ्यायची म्हटली, तर कुठलंच बक्षीस पुरणार नाही.

आपण काय बघायचं

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी. या आजारात पहिलं पाऊल प्रत्येक वेळी कुणीतरी नीट पाहिल्यामुळं पडलं. यंत्र नंतर आलं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज पाहतं कोण? आपणच. मग बघूया.

हात मांडीवर असताना थरथरतो का, बहुतेक वेळा आधी एकाच बाजूचा? चालताना एक हात हलायचा थांबलाय का? पावलं लहान, फरफटत पडतात का? गुंडी लावायला, भाकरी थापायला, वेणी घालायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो का? आवाज बारीक, अक्षर बारीक झालंय का? चेहरा कोरा दिसतो का? वास येईनासा झालाय का? बरेच दिवस बद्धकोष्ठ आहे का? यातली एखादी खूण असली म्हणजे पार्किन्सनच, असं नाही. थायरॉइडनंही हात थरथरतो. काहींच्या घराण्यातच वस्तू धरताना थरथर असते, ती वेगळी. उलटीच्या किंवा मनाच्या आजाराच्या काही औषधांनीही अंग ताठरतं. म्हणून डॉक्टरांकडं जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे पिशवीत घालून न्या, वैद्याकडचेसुद्धा. लपवू नका.

आणखी दोन गोष्टी. या गोळ्यांनी आजार मुळापासून जात नाही, पण हालचाल सुधारते आणि पुष्कळ वर्षं चांगली जातात. त्या वेळेवर घ्याव्या लागतात आणि मनानं एकदम बंद करायच्या नसतात. तसं केलं तर माणूस अतिशय गंभीर होऊ शकतो. गोळी जेवणाआधी की नंतर हेही विचारून घ्या, कारण डाळ, दूध, अंडी यांच्याबरोबर घेतली तर काहींना गुण कमी येतो. शिवाय चालणं, व्यायाम, मोठ्यानं बोलणं हाही औषधाचाच भाग. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतात. हेही एका परीनं बचत गटच, तिथं हिंमत साठवतात.

आता आक्कांचं सांगतो आणि थांबतो. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी आक्का बैठकीला आल्या. पूर्वीसारख्या नाही, पण आल्या, आणि भिंतीला न धरता बसल्या. आम्ही सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. आक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. या वेळी आम्हाला ठाऊक होतं, की चेहऱ्यावर दिसलं नाही म्हणजे आत काही नाही असं नसतं. म्हणून वाट बघितली. मग त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, मीच आळशी झाले." सून बाजूलाच होती. तिनं तोंडाला पदर लावला.

बँकेत आता सहीचा नवा नमुना दिला आहे. आक्का दुरेघी वहीवर रोज दहा ओळी मोठं अक्षर काढतात. रेघा असल्या की अक्षर आक्रसत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. जुना ठराव आम्ही खोडला नाही, वहीत तसाच आहे. त्याच्या खाली नवा ठराव लिहिला, की आक्का गटाच्या सल्लागार राहतील, आणि सहीला वेळ लागला तरी बैठक थांबेल.

तुमच्या गटाचीही जुनी वही असेलच. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, की ती पहिल्या पानापासून उलटा. थोरल्या बायांच्या सह्या एकीखाली एक बघा. कुणाची बारीक होत गेलेली दिसली, तर तिला रागावू नका, चारचौघींत बोलू नका. तिच्या घरी जा, जवळ बसा, हात हातात घ्या आणि आशाताईंना निरोप द्या. नमस्कार.